समजते, पण पेपरात उतरत नाही



दिवाळी झाली आणि आपल्या गोंदिया भागात धानखरेदीची केंद्रे सुरू झाली, म्हणजे तिथे एक दृश्य हमखास दिसते. पोत्यांची थप्पी लागलेली असते. तपासणारा माणूस एक टोकदार नळी घेतो, पोत्याच्या कुशीत खुपसतो आणि मूठभर धान बाहेर काढतो. ते लहानशा यंत्रात घालून ओलावा बघतो. शंभराला सतराच्या वर ओलावा निघाला की पोते बाजूला. अशा वेळी शेतकरी काय म्हणतो? "साहेब, वरच्या पोत्यावर रात्री दव पडलं, खालचं एखादं बघा ना." त्याचे म्हणणे रास्त असते. मूठभर धानावरून साऱ्या राशीचा निवाडा करायचा, तर ती मूठ कुठून घेतली आणि यंत्र खरे आहे की नाही, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

माणसाच्या बुद्धीची आणि अभ्यासाची पारख करणाऱ्या ज्या मानसशास्त्रीय कसोट्या आहेत, त्यांचेही असेच आहे. त्याही मूठभर प्रश्नांवरूनच माणसाविषयी काही सांगू पाहतात. लहान मुलांच्या संदर्भात याविषयी थोडेफार बोलले जाते. 2007 साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने ते घरोघर पोचवलेही. पण त्यामुळे अशी एक समजूत झाली की हा सारा बालवयातला प्रश्न आहे. आज मला बोलायचे आहे ते मोठ्या वयात शिकणाऱ्या, मेहनत करणाऱ्या आणि तरीही पुनःपुन्हा नापास होणाऱ्या माणसाविषयी.

आमच्या अभ्यासकेंद्रावर दर रविवारी नोकरी-संसार सांभाळून शिकणारी मंडळी येतात. त्यांत नागऱ्याच्या बाजूच्या एक अंगणवाडी-सेविका होत्या. नागरा म्हणजे तेच, जिथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे महाशिवरात्रीला माणसांची रीघ लागते. ताईंचे वय चौतीस, पदरी दोन मुले. बी.ए. झाल्या तर वरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि त्या अर्जाला वयाची मर्यादा होती. म्हणजे दरवर्षी नापास होत राहण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

वर्गात ग्रामपंचायतीचा विषय निघाला की या ताईंचे उत्तर सगळ्यांत सरस. ग्रामसभा कशी भरते, कशी मोडते, ठराव कोण लिहितो, सारे तोंडपाठ. आणि पेपर पाहावा तर तीन तासांत दीड पान. त्याच दोन विषयांत त्या दोनदा नापास झाल्या. मी त्यांच्या वहीवर लाल शाईने "अभ्यास वाढवा" असा शेरा मारला. आम्हा शिक्षकांना हा शेरा फार सोपा पडतो. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सर, मले समजते जी, पण पेपरात उतरत नाही." मी ते ऐकले आणि विसरलो. पुष्कळ विद्यार्थी असे म्हणतात.

पुढे एका रविवारी सहज त्यांना पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. चिखलाच्या बांधीत पाय रुतावा तशा त्या शब्दाशब्दाला अडत होत्या. दहा ओळींना पाच मिनिटे लागली. उताऱ्यात काय आहे म्हणून विचारले तर काही सांगता आले नाही, कारण सारी शक्ती अक्षरे जुळवण्यातच संपली होती. मग तितक्याच अवघड असा दुसरा उतारा मी स्वतः वाचून दाखवला. त्याचा अर्थ त्यांनी मुद्देसूद सांगितला, वर एक शंकाही विचारली. माझ्या लाल शेऱ्याची मला लाज वाटली ती त्या दिवशी.

शिक्षकमित्रहो, वाचून किती कळते आणि ऐकून किती कळते या दोहोंतली ही तफावत तुम्हालाही पाच मिनिटांत पाहता येते. त्याला पदवी लागत नाही. मात्र तेवढ्यावरून नाव ठेवू नये. ती फक्त पुढे पाठवण्याची खूण आहे.

ही खूण नवीन नाही. 1896 साली इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय पत्रिकेत छापली होती. मुलगा चलाख, गणितात बरा, पण लिहिलेला शब्द त्याला ओळखू येईना. त्याच्या मास्तरांचे मत होते की शिक्षण सारे तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता. त्या वेळी या अवस्थेला 'शब्दांधता' म्हणत. आज तिला वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. आपल्या महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला तो 1996 मध्ये. मधे नेमकी शंभर वर्षे गेली! आणि त्या काळी तपासणीची सोय होती ती मुख्यतः मुंबईला, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुलाला तपासून आणणारा पालक किती जणांनी पाहिला असेल?

असो. ताईंना नागपूरला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवायचे ठरले. जाण्यापूर्वी बाईंनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती मानसशास्त्राची नव्हतीच. "आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि रक्त." आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, बायकांत रक्त कमी असणे तर रोजचेच. थायरॉईडचा विकार असो, झोप अपुरी असो, मन खचलेले असो, माणूस वाचायला बसला की डोळ्यांपुढे ओळी फिरतात. यांतले एखादे कारण सापडले आणि ते दूर झाले, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. ताईंना चष्मा लागला. वाचन थोडे सुधारले, पण अडखळणे राहिले.

तपासणी दोन सकाळी चालली. पहिल्या सकाळचे दोन तास नुसत्या बोलण्यात गेले. शाळेत कधी घातले? पहिली-दुसरीत काय अडले? घरात कोणती बोली? ताप, फिट, डोक्याला मार? आईवडिलांना, भावंडांना वाचता येत होते का? जुन्या गुणपत्रिका आणि वह्या बरोबर आणायला सांगितले होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा भाग सर्वांत मोलाचा, कारण अडचण लहानपणापासून आहे की आता आली, यावर पुढचे सारे अवलंबून असते. चाळिशीपर्यंत वर्तमानपत्र घडाघडा वाचणारा माणूस एकाएकी अडखळू लागला, तर त्याला मानसतज्ज्ञाकडे नव्हे, मेंदूच्या डॉक्टरकडे तातडीने न्यायला हवे. ताईंची अडचण बालवाडीपासूनची निघाली. दुसरीत असताना फळ्यावरचे उतरवायला सर्वांत शेवटी त्याच राहत, आणि त्यासाठी मारही खात.

मोठे माणूस आणखी एका बाबतीत लहान मुलाहून वेगळे असते. ते झाकायला शिकलेले असते. कागद पुढे आला की "चष्मा घरी राहिला" म्हणायचे, अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यायचा, पहिली दोन अक्षरे पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणायचा. ताई अंगणवाडीची नोंदवही मदतनीस बाईंकडून लिहून घेत आणि फोनवरच्या नोंदी बोलून भरत. यात लबाडी कसली? उलट किती हुशारीने त्यांनी वीस वर्षे निभावले, ते बघा. पण अशी हुशारी तपासणीत अडचण ठरते. म्हणून वाचनाच्या कसोटीत काही शब्द मुद्दाम निरर्थक घालतात. 'टिमरो', 'झुर्पी', 'नेकुस्त' असे काहीतरी. इथे अंदाज चालत नाही. अक्षरावरून उच्चार उभा करावाच लागतो.

आपल्या देवनागरीची गंमत इथे सांगायला हवी. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांचा मेळ आपल्याकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. अशा लिप्यांत वाचन-अक्षमता चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसते. माणूस बरोबर वाचतो, पण फार सावकाश. त्यामुळे मास्तरांच्या ती लक्षात येत नाही. तरी काही खाचखळगे आपल्याही लिपीत आहेत. 'कि' म्हणताना क आधी आणि इकार नंतर, पण लिहिताना वेलांटी आधी. 'अर्थ' म्हणताना र आधी, पण रफार बसतो पुढच्या थ च्या डोक्यावर. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. ताईंच्या शुद्धलेखनातल्या चुका बहुतेक याच जागी होत्या.

दुसऱ्या सकाळी बुद्धिमापन झाले. यासंबंधी लोकांच्या मनात जितके कुतूहल तितकीच भीती आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी 1905 साली पहिली उपयुक्त बुद्धिकसोटी केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही जन्माची ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांना बिने यांचा स्वतःचा कडक विरोध होता. आपल्याकडे 1930च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत या नावाने ती पुढे अनेक पिढ्या वापरली गेली. प्रौढांसाठी डेव्हिड वेक्स्लर यांनी न्यूयॉर्कमध्ये 1939 साली वेगळी कसोटी बांधली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज जगभर वापरतात. तिच्यात शब्दांचे अर्थ विचारतात, दोन वस्तूंतले साम्य विचारतात, रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतात, आकडे ऐकवून सुलट आणि उलट म्हणायला लावतात, घड्याळ लावून खुणा भरायला सांगतात. सरासरी 100 धरतात, आणि शंभरांतले सुमारे अडुसष्ट लोक 85 ते 115 यांच्या दरम्यान येतात.

आता धानाच्या पोत्याकडे परत येऊ. हे यंत्र कोणाच्या धानावर बेतलेले? वस्तूंतले साम्य ओळखण्याचेच पाहा. 1931-32 मध्ये लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना चार वस्तू दाखवल्या: हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यांतली वेगळी कोणती? शाळा शिकलेला माणूस म्हणेल ओंडका, कारण बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणाले, चारही एकत्रच हवीत. ओंडका नसेल तर करवत काय कापणार? सांगा, या उत्तरात बुद्धी कमी आहे का? व्यवहार पाहता ते उत्तर चोखच आहे. पण कसोटीच्या किल्लीत त्याला गुण नाहीत. हीच अडचण ओळखून अलाहाबादच्या सी. एम. भाटिया यांनी 1955 साली साक्षर-निरक्षर दोघांनाही देता येईल अशी ठोकळे, आकृती आणि चित्रे यांची कसोटी प्रसिद्ध केली. पण ती अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी होती.

त्यातून आमच्या ताईंची घरची बोली पोवारी. मराठी शाळेत भेटली, हिंदी बाजारात, इंग्रजी पुस्तकात. पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत वाढलेल्या माणसाला पुण्या-मुंबईच्या मराठीत प्रश्न विचारला आणि तो अडखळला, तर ते भाषेचे अंतर झाले. त्याला आजार म्हणू नये. जाणता परीक्षक हे ध्यानात ठेवतो, घरच्या बोलीत समजावून सांगतो, आणि जी अडचण बोली बदलली तरी राहते तीच खरी धरतो. निरर्थक शब्द वाचणे आणि आकडे लक्षात ठेवणे यांत बोलीचा संबंध बराच कमी, म्हणूनही या कसोट्यांचे मोल.

ताईंच्या अहवालात एक मोठा आकडा होता, पण बाईंनी त्याच्याकडे फारसे बघू दिले नाही. शब्दज्ञान आणि विचार सरासरीपेक्षा चांगले, ठोकळे ठीक, आकडे लक्षात ठेवणे कमी, वेगाचे काम बरेच कमी. या सगळ्यांची सरासरी काढली की माणूस "साधारण" ठरतो आणि त्याची अडचण नाहीशी होते! बोडीत सरासरी कमरेइतके पाणी आहे म्हणून कोणी डोळे मिटून उतरत नाही. कुठे खोल आहे ते कळायला हवे. ताईंचे खोल पाणी होते ते वाचनाच्या वेगात आणि लिहिण्यात. भीतीही होती, पेपर हातात आला की घाम फुटत असे. पण ती भीती अपयशातून आलेली होती. अपयशाचे मूळ ती नव्हती.

अहवालाचा खरा उपयोग शेवटच्या पानावर असतो: आता करायचे काय? ताईंना सुचवलेले उपाय साधे होते. धडे कोणाकडून तरी फोनवर वाचून घेऊन ऐकायचे. उत्तर आधी तोंडी बोलायचे, मुद्द्यांचे चार शब्द लिहायचे, मग वाक्ये. रोज वीस मिनिटे जोडाक्षरांचे आणि मोठ्याने वाचनाचे पाठ. या वयात वाचन सुधारते का? सुधारते, परंतु हळूहळू. संथपणा पूर्ण जात नाही. म्हणून परीक्षेत जादा वेळ हवा.

इथे कायद्याचा प्रश्न येतो. 1995च्या जुन्या कायद्यात अध्ययन-अक्षमतेला जागाच नव्हती. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार धरले गेले आणि त्यांत ही आली. परीक्षापद्धतीत जादा वेळ, लेखनिक असे योग्य फेरफार करण्याची जबाबदारी त्या कायद्याने शासनावर टाकली आहे. केंद्राच्या ऑगस्ट 2018च्या मार्गदर्शक सूचनांत, जे पात्र ठरतात त्यांना तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत असे म्हटले आहे. आणि लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रवाल्यांपुरतीच अडवून ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात दिला. तो खटला लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीचा होता.

कागदावर हे छान आहे. पण एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी 2018च्या केंद्रीय अधिसूचनेत ठरले होते की प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून पुढे द्यावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासावे, आणि अठराव्या वर्षीचे आयुष्यभर चालावे. वाचन-लेखन तपासायला नेमली होती ती बंगळूरच्या निमहान्स संस्थेची कसोटी. ती कसोटी उत्तम, पण मुळात बांधली गेली पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी! ज्या बाईला दुसरीत कोणी तपासले नाही, दहावीत कोणी तपासले नाही, तिने चौतिसाव्या वर्षी कोणत्या पायलीने मोजून घ्यायचे? नियमांत 2024 मध्ये सुधारणा झाल्या आहेत, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू नियम विचारून घ्यावेत. पण मराठी बोलणाऱ्या प्रौढांसाठी, आणि झाडीपट्टीतल्या बोली बोलणाऱ्यांसाठी, बेतलेली वाचनकसोटी हवी ही मागणी आपण शिक्षकांनीच लावून धरायला हवी. ते काम परक्या देशातला कोणी येऊन करणार नाही.

विचारतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली चौकशी तिथल्या मानसोपचार विभागात करावी, नागपूर त्यानंतर. खासगी तपासणी करायची तर करणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारायला संकोचू नये. अर्ध्या तासात फोनवर बुद्धीचा आकडा सांगणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच करायचा असतो, खासगी अहवाल त्याला फक्त जोडता येतो.

ताईंचा जादा वेळेचा अर्ज गेला आहे. निर्णय यायचा आहे. या वर्षी रोवणीच्या दिवसांत त्या कानाला फोनची दोरी लावून राज्यशास्त्र ऐकत पऱ्हे लावत होत्या, असे त्यांच्या शेजारणीने सांगितले.

अहवाल समजावून सांगितल्यावर मानसतज्ज्ञ बाईंनी विचारले होते, "आणखी काही विचारायचं आहे?" ताई बराच वेळ गप्प राहिल्या. बाईंनी पहिल्या सकाळी विचारले होते की घरात आणखी कोणाला वाचनाची अडचण आहे का, आणि ताईंनी तेव्हा "नाही" म्हटले होते. ही अक्षमता घराण्यात उतरताना दिसते, हे त्यांना आता कळले होते. "माझा लहान मुलगा चौथीत आहे जी," त्या म्हणाल्या. "त्याचे मास्तर रोज वहीवर लिहून देतात, अभ्यास वाढवा. त्याले घेऊन येऊ का?"

बाईंनी वही उघडून पुढच्या मंगळवारची वेळ लिहिली.